रिलीज गेल्याचा निरोप टीमच्या चॅनलवर आपोआप कसा पाठवता?

भोगावती

नमस्कार मंडळी. दूध संस्थांसाठी संकलन आणि बिलाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी काम करतो. आम्ही चौदा जण. डेव्हलपर आणि टेस्टर पुण्यात, हेल्पडेस्कचे पाच जण कोल्हापुरात. कोड गिटहबवर (कोड ठेवायची आणि त्यातले बदल नोंदवायची सेवा), बोलणं स्लॅकवर (टीमच्या गप्पांचं ॲप). आठ-दहा दिवसांनी एक रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, जातं आणि ज्याच्या हातून ते गेलं त्यानं चॅनलवर चार ओळी टाकायच्या, असा रिवाज.

गेल्या महिन्यात हा रिवाज मोडला आणि त्याचा ताप भलत्याच माणसांना झाला. फॅट-एसएनएफवरून (दुधातले स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) लिटरचा दर काढताना आमचं सॉफ्टवेअर तो पाच पैशांच्या पटीत आणायचं. काही संस्थांनी मागणी केली म्हणून आम्ही तो पैशापर्यंत नेला. रात्री साडेनऊला रिलीज गेलं, माझ्याच हातून. तेवढ्यात घरून फोन आला, मी निघालो आणि निरोप टाकायचा राहिला. पहाटे पावणेसहाला संकलन सुरू झालं तर स्लिपवर ३८.३५ च्या जागी ३८.३३. सचिवांचे फोन हेल्पडेस्कला. तिथल्या ताईंना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं: "आमच्याकडून काही बदल नाही, तुमचं फॅट मशीन तपासून घ्या." एका सचिवांनी मशीन धुऊन, पुन्हा कॅलिब्रेट करून घेतलं. तोवर उत्पादक किटल्या घेऊन रांगेत उभे. मी नऊला लॅपटॉप उघडला तेव्हा उलगडा झाला. बदल आमचा होता आणि खोटं मात्र त्या ताईंना पडावं लागलं. हे मला फार लागलंय.

तर हा निरोप आता माणसाच्या आठवणीवर ठेवायचा नाही, एवढं ठरलंय. तुम्ही कसं करता? कुठल्या क्षणी पाठवता, त्यात काय लिहिता, आणि काय केल्यावर पस्तावलात, ते सविस्तर सांगा.

तिसरा_मजला

आधी सगळ्यात सोपं. गिटहबचं स्लॅकसाठी स्वतःचं ॲप आहे. ते चॅनलमध्ये घ्या आणि तुमची रिपॉझिटरी (कोडचं कोठार) सबस्क्राइब करा. फक्त एक लक्षात ठेवा, सबस्क्राइब केल्या केल्या इश्यू, पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती), कमिट (बदलाची एकेक नोंद), रिलीज, डिप्लॉयमेंट (सर्व्हरवर चढवणं) सगळंच सुरू होतं. रिलीज सोडून बाकीचं लगेच अनसबस्क्राइब करा, नाहीतर दोन दिवसांत लोक चॅनल म्यूट करतात आणि म्यूट केलेलं चॅनल पुन्हा कुणी उघडत नाही. एक ओळ कोड लागत नाही.

भोगावती

धन्यवाद, हे गेल्या आठवड्यातच करून पाहिलं. चाललं. पण दोन अडचणी आल्या. एक म्हणजे निरोपात पुल रिक्वेस्टची शीर्षकं येतात, "रेट कॅल्क्युलेशनमधलं राउंडिंग दुरुस्त" अशी. हेल्पडेस्कला त्यातून काही कळत नाही. दुसरं असं की आम्ही टॅग, म्हणजे कोडवर आवृत्तीची खूण, दुपारी चारला मारतो, रिलीजचं पान तेव्हाच तयार होतं आणि निरोपही तेव्हाच जातो. प्रत्यक्षात सर्व्हरवर चढतं रात्री साडेनऊला, संध्याकाळचं संकलन उरकल्यावर. परवा निरोप वाचून हेल्पडेस्कनं एका संस्थेला सांगितलं, "झालंय, बघा आता." त्यांच्याकडे अजून जुनंच होतं.

उत्तररात्र

भोगावती, या दोघींत दुसरी अडचण मोठी आहे. टॅग मारणं, रिलीज प्रसिद्ध करणं आणि ते ग्राहकापर्यंत पोचणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. डेव्हलपरच्या बोलण्यात तिन्हींना "रिलीज झालं" म्हणतात. निरोप तिसऱ्या गोष्टीवर बांधा.

आमच्याकडे डिप्लॉयच्या कामातली शेवटची पायरी सर्व्हरलाच विचारते: तू कुठली आवृत्ती चालवतोयस? त्यासाठी सर्व्हरवर एक साधा पत्ता ठेवलाय. उघडला की आवृत्ती क्रमांक आणि कमिटच्या हॅशची (ओळखक्रमांकाची) पहिली सात अक्षरं येतात. ती टॅगशी जुळली तरच निरोप जातो. सर्व्हर चार आहेत, चौघांनाही विचारतो. एकदा तीन नवीन आणि एक जुना असं झालं होतं. पायरी तिथंच अडली, निरोप गेला नाही आणि आम्हाला चौथ्याची बातमी ग्राहकाच्या आधी लागली. ती पायरी लिहायला अर्धा दिवस गेला असेल.

मोबाइल ॲप असेल तर त्याचा हिशोब निराळा. प्ले स्टोअरवर टप्प्याटप्प्यानं सोडत असाल तर पहिल्या दिवशी काही टक्के लोकांनाच मिळतं. तिथं "गेलं" असं एकदाच सांगून भागत नाही. "आज दहा टक्के", "आज सगळ्यांना" असे दोन निरोप लागतात.

सुईदोरा

गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबची कामं आपोआप चालवायची सोय) करणार असाल तर एक खड्डा आधीच दाखवून ठेवते. त्यात माझे दोन दिवस गेलेत.

मी दोन वर्कफ्लो (अशा कामाच्या पायऱ्यांची यादी) लिहिले होते. पहिला टॅग बघून रिलीज तयार करायचा. दुसरा "रिलीज प्रसिद्ध झालं" या घटनेची वाट बघत बसायचा आणि निरोप पाठवायचा. हातानं रिलीज केलं की निरोप जायचा. पहिल्या वर्कफ्लोनं केलं की काहीच नाही. एरर नाही, लाल खूण नाही, दुसरा वर्कफ्लो सुरू झाल्याचीच नोंद नाही. कारण असं की वर्कफ्लोला गिटहबकडून जे आयतं टोकन (परवानगीची चावी) मिळतं, त्यानं केलेल्या घटनांवर दुसरा वर्कफ्लो सुरू होत नाही. एकानं दुसऱ्याला आणि दुसऱ्यानं पहिल्याला उठवत राहू नये म्हणून ही तजवीज मुद्दाम केलेली आहे. हातानं सुरू करायचा वर्कफ्लो आणि रिपॉझिटरी डिस्पॅच (बाहेरून संदेश पाठवून सुरू करायचा) एवढेच त्याला अपवाद.

उपाय दोन. निरोपाची पायरी त्याच वर्कफ्लोत शेवटी घालायची, किंवा रिलीज करताना गिटहब ॲपचं वेगळं टोकन वापरायचं. मी पहिला घेतला. सांभाळायला एक टोकन कमी.

ड्राफ्टचंही सांगते. ड्राफ्ट रिलीज तयार केलं किंवा बदललं तर घटना सुटत नाही, प्रसिद्ध केल्यावर सुटते. आणि प्रिरिलीज प्रसिद्ध केलं तरी "पब्लिश्ड" सुटते. तेव्हा चाचणीची आवृत्ती ग्राहकांच्या चॅनलवर जायला नको असेल तर "रिलीज्ड" प्रकार धरा किंवा प्रिरिलीजची खूण तपासा.

पाटीपेन्सिल

सुईदोरा यांच्या निरोपाची पायरी लिहिताना पुढचा खड्डा लागतो, तो मजकुराचा. बरेच जण रिलीज नोट्स थेट शेलच्या (मशीनला आज्ञा देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आज्ञेत घालतात आणि कर्लनं (वेबवर मजकूर धाडणारं साधन) पाठवतात. पहिल्या दोन-तीन वेळा जातं. मग कुणीतरी नोट्समध्ये दुहेरी अवतरणचिन्ह लिहितं आणि जेसन (निरोप ज्या साच्यात जातो तो) मोडतं. त्याहून वाईट म्हणजे कुणी बॅकटिकमध्ये (उलट्या एकेरी अवतरणात) काही लिहितं. ॲक्शन्समध्ये तो मजकूर शेल चालण्याआधीच आज्ञेत चिकटवला जातो, त्यामुळे बॅकटिकमधलं सगळं शेल आज्ञा समजून चालवून टाकतं. म्हणजे नोट्स लिहू शकणारा कुणीही तुमच्या बिल्ड मशीनवर हवं ते चालवू शकतो. नोट्स आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घ्या, तिथून जेक्यूला (जेसन हाताळणारं साधन) द्या आणि जेसन त्याच्याकडूनच बांधून घ्या. अवतरणं, नवीन ओळी, मराठी अक्षरं सगळं तो नीट बसवतो.

दिसण्याचा भागही आहे. गिटहबवर ठळक करायला दोन चांदण्या लागतात, स्लॅकवर एक. गिटहबचं # चं शीर्षक स्लॅकला कळत नाही, ते # तसंच छापतं. दुव्याची पद्धतही वेगळी, < आणि > च्या मध्ये पत्ता आणि उभ्या रेघेनंतर नाव. तेव्हा नोट्स जशाच्या तशा पाठवू नका. शिवाय स्लॅकच्या एका सेक्शन ब्लॉकमध्ये ३००० अक्षरांपर्यंतच मजकूर बसतो, जास्त झाला तर अख्खा निरोपच नाकारला जातो. आम्ही पहिला परिच्छेद निरोपात घेतो आणि बाकीच्यासाठी दुवा देतो.

टेलिग्राम वापरणाऱ्यांसाठी एक. त्याच्या नव्या मार्कडाउन प्रकारात टिंबसुद्धा एस्केप करावं लागतं. "२.४.१" असा आवृत्ती क्रमांक नुसता लिहिला तरी निरोप परत येतो. आमच्या एका संध्याकाळच्या रिलीजचा निरोप त्या दोन टिंबांपायी अडला होता.

पहाटपाळी

मी कोडवाली नाही. एका बिलिंग सॉफ्टवेअरच्या हेल्पडेस्कवर सात वर्षं फोन घेतेय, म्हणून हा धागा शेवटपर्यंत वाचला. भोगावती, तुमच्या त्या ताईंच्या जागी मी बऱ्याचदा बसलेय. "आमच्याकडून काही बदल नाही" हे वाक्य आपण विश्वासानं बोलतो आणि दोन तासांनी कळतं की बदल होता. त्यानंतर तो माणूस आपलं काहीच खरं मानत नाही. पुढचे सहा महिने प्रत्येक फोनला "साहेबांना द्या" म्हणतो.

निरोप कधी जातो, कशानं जातो ते तुम्ही ठरवा. मला त्यात तीन गोष्टी हव्या असतात. समोरच्याला पडद्यावर किंवा कागदावर काय वेगळं दिसेल. त्यानं विचारलं तर मी काय सांगायचं. आणि मला नाही जमलं तर कुणाला उठवायचं. तुमच्या उदाहरणात मला हे मिळालं असतं तर पुरलं असतं:

"उद्या सकाळपासून स्लिपवर लिटरचा दर पैशापर्यंत दिसेल. आधी ३८.३५ दिसत असेल तिथं ३८.३३ किंवा ३८.३७ दिसू शकतं. मशीन बरोबर आहे. जुन्या पद्धतीनं हवं असेल तर संस्थेच्या सेटिंगमध्ये दर-गोलाई, पाच पैसे. पहाटे अडलं तर अमुक यांना फोन."

चार ओळी. मी तेवढ्या वहीत उतरवून घेते, कारण फोन कानाला असताना स्क्रोल करता येत नाही. "परफॉर्मन्समध्ये सुधारणा आणि किरकोळ दुरुस्त्या" असं लिहून येतं तेव्हा मी काही उतरवत नाही. त्यात उतरवण्यासारखं काहीच नसतं.

उत्तररात्र

पहाटपाळी ताई, हा प्रतिसाद मी आमच्या टीमच्या चॅनलवर चिकटवलाय. आमच्या निरोपात दुसरी ओळ कधीच नव्हती.

गावठाण

मग ही चार वाक्यं आपोआप कुठून येणार, हा खरा प्रश्न उरतो. कन्व्हेन्शनल कमिट्स पाळले, म्हणजे कमिटच्या सुरुवातीला "फीट", "फिक्स" वगैरे लावलं, तर सिमँटिक-रिलीज किंवा रिलीज-प्लीजसारखी साधनं आवृत्ती क्रमांक ठरवतात आणि बदलांची यादीही काढतात. गिटहब स्वतःसुद्धा २०२१ पासून पुल रिक्वेस्टच्या लेबलांवरून नोट्सची यादी लावून देतं. यादी चांगलीच असते, पण ती डेव्हलपरच्या शब्दांत असते. कमिट लिहिताना मनात दुसरा डेव्हलपर असतो.

आम्ही पुल रिक्वेस्टच्या नमुन्यात एक रकाना घातला: "ग्राहकाला काय दिसेल". रिकामा असला की तपासणी लाल होते आणि मर्ज अडतं. ग्राहकाला काहीच दिसणार नसेल तर "काही नाही" असं लिहावं लागतं. ते लिहिताना माणूस थांबून विचार करतो, आणि दोन-तीनदा तरी असं झालंय की "काही नाही" लिहिता लिहिता त्याला आठवलं, अरे, छापील बिलावर दिसेल की. रिलीजच्या वेळी स्क्रिप्ट सगळे रकाने गोळा करतं, "काही नाही" गाळतं आणि उरलेलं ड्राफ्टमध्ये ठेवतं.

तिसरा_मजला

हा रकाना भाषा मॉडेलकडून भरून घेतला तर? बदल वाचून तो मराठीत चांगलं लिहितो.

गावठाण

सहा महिने करून पाहिलं. भाषा गोड येते. पण आमच्या एका बदलाला त्यानं "रक्कम आता अधिक अचूक दिसेल" असं लिहिलं. वाक्य खरं होतं. मात्र त्या बदलानं काही ग्राहकांची देय रक्कम थोडी कमी होणार होती आणि नेमकं तेच त्यात नव्हतं. फोन त्याच्यावरूनच येणार होते. आता त्याच्याकडून मसुदा घेतो, पण रकान्यात जातं ते पुल रिक्वेस्ट करणाऱ्यानं वाचून, दुरुस्त करून.

कुलूपकिल्ली

सुरक्षिततेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. स्लॅकच्या वेबहुकचा (चॅनलवर बाहेरून निरोप टाकायची सोय) पत्ता म्हणजेच त्याची चावी. वेगळा पासवर्ड नसतो. पत्ता ज्याच्या हाती तो तुमच्या चॅनलवर तुमच्या बॉटच्या नावानं काहीही लिहू शकतो. "नवीन आवृत्ती इथून उतरवून घ्या" असा दुवा टाकला तर हेल्पडेस्कला संशय येण्याचं कारणच नाही, बॉट रोजचाच. तेव्हा पत्ता कोडमध्ये ठेवू नका, सीक्रेट्समध्ये (गिटहबची गुप्त गोष्टी ठेवायची जागा) ठेवा, आणि लॉगमध्ये छापला जात नाही ना ते पाहा.

दुसऱ्यांनी लिहिलेल्या ॲक्शन (वर्कफ्लोत घालायच्या तयार पायऱ्या) वापरताना टॅगवर विसंबू नका, कमिटच्या पूर्ण हॅशवर पिन करा. मार्च २०२५ मध्ये "टीजे-ॲक्शन्स चेंज्ड-फाइल्स" ही ॲक्शन कुणीतरी पोखरली. तेवीस हजारांवर रिपॉझिटरी ती वापरत होत्या. जुने टॅगही नव्या, घातक कमिटकडे वळवले गेले होते आणि सीक्रेट्स बिल्डच्या लॉगमध्ये छापली जात होती. ज्यांनी हॅश लिहिला होता त्यांच्याकडे जुना, चांगलाच कोड चालत राहिला. एक निरोप पाठवायला तिऱ्हाइताची ॲक्शन मुळात लागतच नाही. कर्ल आणि जेक्यू पुरतात, किंवा स्लॅकची स्वतःची ॲक्शन आहे.

खिडकीपाशी

आमच्याकडे स्लॅकऐवजी मायक्रोसॉफ्ट टीम्स आहे. टीम्सवाल्यांनी जुने लेख वाचून ऑफिस ३६५ कनेक्टरवर (बाहेरचे निरोप टीम्समध्ये आणायची जुनी सोय) काही बांधू नका. ते बंद करत असल्याचं मायक्रोसॉफ्टनं जुलै २०२४ मध्ये जाहीर केलं, मुदत पुढे ढकलली गेली तरी दिशा तीच. नवीन काम टीम्सच्या वर्कफ्लोजवर करा आणि कार्ड ॲडाप्टिव्ह प्रकारात लिहा. डिस्कॉर्डवाल्यांना मात्र सोपं आहे, त्यांच्या वेबहुकच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन "स्लॅक" जोडलं की स्लॅकच्या घडणीचा निरोप चालतो.

सदाफुली

माझं मत थोडं वेगळं आहे. चौदा माणसांच्या टीमला एवढी यंत्रणा कशाला? रिलीज करणाऱ्यानं निरोप टाकल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, एवढा नियम पुरे. आपोआप आलेला निरोप लोक हळूहळू वाचेनासे होतात. माणसानं लिहिलेला वाचतात.

भोगावती

सदाफुली, तुमचं शेवटचं वाक्य मला पटतं आणि ते मी सोडणार नाही. पण नियम आमच्याकडे होताच. त्या रात्री घरून फोन आला नसता तर तो पाळलाही गेला असता. माझं म्हणणं एवढंच की लिहायचं माणसानं, आणि पोचवायचं यंत्रानं.

सुईदोरा

मग ड्राफ्ट रिलीजचाच उपयोग करा ना. गावठाण म्हणतात तसे रकाने ड्राफ्टमध्ये गोळा होऊ द्या. रिलीज करणारा ते वाचेल, त्याची चार वाक्यं करेल आणि "प्रसिद्ध करा" दाबेल. त्या बटणावरच डिप्लॉय सुरू करा. बटण माणसानं दाबलंय, त्यामुळे माझ्या टोकनच्या खड्ड्यातही पडत नाही. डिप्लॉय झालं, सर्व्हरनं आवृत्ती सांगितली की तीच चार वाक्यं चॅनलवर. नोट्स लिहिल्याशिवाय रिलीज जातच नाही, आणि रिलीज पोचल्याशिवाय निरोप जात नाही.

उत्तररात्र

हेच करा. पुढे दुखेल असं थोडं आताच सांगतो.

डिप्लॉयचं काम पुन्हा चालवलं की निरोप दुसऱ्यांदा जातो. त्याच्यावरून "पुन्हा काय बदललं?" असे फोन येतात. वेबहुकनं पाठवलेला निरोप नंतर पुसता किंवा बदलता येत नाही. म्हणून वेबहुकऐवजी स्लॅकचा बॉट करा. निरोप पाठवला की तो त्याचा वेळ-क्रमांक परत देतो. तो आवृत्तीसोबत जपून ठेवा. पुढच्या वेळी क्रमांक आधीच असेल तर नवीन पाठवायचा नाही, जुनाच बदलायचा.

रोलबॅक (परत जुन्या आवृत्तीवर जाणं) झालं तर त्याचाही निरोप हवा. तो मूळ निरोपाखालच्या थ्रेडमध्ये टाका आणि चॅनलवरही दिसेल अशी खूण लावा. नाहीतर वरचा निरोप "गेलं" म्हणत राहतो आणि सर्व्हरवर जुनंच.

निरोप गेला नाही म्हणून डिप्लॉय फसलं असं धरू नका. पण गप्पही बसू नका. आमच्याकडे तीनदा प्रयत्न होतो, नाहीच गेला तर रिलीज करणाऱ्याला ईमेल जातो.

आणि स्लॅक फुकटच्या प्लॅनवर असेल तर नव्वद दिवसांपलीकडचं दिसत नाही. "दर-गोलाई कधी बदलली?" हे कुणीतरी वर्षभरानं विचारणारच. तीच चार वाक्यं रिपॉझिटरीतल्या बदलनोंदीच्या फाइलमध्येही जाऊ द्या.

भोगावती

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा.

सगळं जवळपास तुम्ही सांगितलं तसं बसवलं. पुल रिक्वेस्टमध्ये रकाना, ड्राफ्ट, बटण, डिप्लॉय, सर्व्हरला विचारणा, मग बॉटचा निरोप. स्क्रिप्ट ऐंशी ओळींचं आहे. वेळ गेला तो चार वाक्यं लिहायला शिकण्यात. पहिल्या रिलीजला आमच्या एका सिनियरनं रकान्यात लिहिलं होतं, "बिल जनरेशनमधली नल व्हॅल्यू हाताळली." मी तो मजकूर पुढे नेला नाही. कोल्हापुरातल्या ताईंना फोन लावला आणि दोघांनाही बोलायला लावलं. दहा मिनिटांनी वाक्य असं झालं: "ज्या उत्पादकाचं दहा दिवसांत एकदाही दूध आलं नाही त्याचं बिल काढताना पान अडकायचं, ते आता अडकणार नाही, शून्याचं बिल निघेल." आता तो सिनियर स्वतःच तसं लिहितो.

एक गोष्ट आम्हाला वेगळी करावी लागली. निरोप रात्री पावणेदहाला जायचा आणि पहाटेपर्यंत त्याच्यावर इतर बोलणं साचायचं. ताई म्हणाल्या, पहाटे सव्वापाचला आम्ही बसतो तेव्हा सगळ्यात खाली तोच दिसला पाहिजे. म्हणून रात्री डिप्लॉय झाल्यावर निरोप जातोच, शिवाय स्लॅकच्या वेळ लावून पाठवायच्या सोयीनं तोच पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी फक्त हेल्पडेस्कच्या चॅनलवर पुन्हा येतो. बिल्ड मशीनचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं. पहिल्या दिवशी साडेपाच तासांची गफलत झाली आणि निरोप सकाळी दहा चाळीसला आला. नंतर वेळक्षेत्र आशिया-कोलकाता असं स्पष्ट लिहिलं. मात्र रात्री रोलबॅक झालं तर पहाटेचा लावलेला निरोप रद्द करावा लागतो, ती पायरी नंतर घातली.

काल दुसरं मोठं रिलीज गेलं. त्यात म्हैस आणि गाय यांच्या दुधाच्या रकान्यांची जागा स्लिपवर बदलली होती. सकाळी ताईंना विचारलं, किती फोन आले? म्हणाल्या, अकरा. आणि अकराही जणांना काय सांगायचं ते वहीत होतं.

पहाटपाळी

भोगावती, त्या ताईंना माझा नमस्कार सांगा. आणि तुमचा तो रकाना मी आमच्या साहेबांना उद्या दाखवणार आहे. गावठाण, तुमच्या पुल रिक्वेस्टच्या नमुन्यातलं नेमकं शब्दांकन इथं टाकाल का?

गावठाण

टाकतो. हे तीन प्रश्न आहेत: "ग्राहकाला कुठल्या पानावर किंवा कागदावर काय वेगळं दिसेल?" "त्यानं फोन केला तर हेल्पडेस्कनं काय सांगायचं?" "जुन्यासारखं हवं असेल तर करता येतं का, कुठून?" दुसरा प्रश्न तुमचा प्रतिसाद वाचल्यावर घातलाय, आधी नव्हता.